कार्डाची मागची बाजू

प्रिय शेंडेफळा,

तुझं अभिनंदन. उशिरा करते आहे, पण अगदी मनापासून करते आहे. का, ते पत्राच्या शेवटी कळेल, आणि तू शेवटापर्यंत वाचणार याची मला खात्री आहे. लहानपणी मी रुसून तुझ्या दप्तरात टाकलेल्या चिठ्ठ्या तू न्हाणीघराची कडी लावून दोन-दोनदा वाचायचास. 'सांदोळ'ची तिसरी आवृत्ती निघाली म्हणे. आमच्या कार्यालयाच्या खालच्या पुस्तकाच्या दुकानात काचेआड तुझा फोटो लावलाय, हनुवटीखाली हात धरलेला. येता-जाता तो हात दिसतो. बोटं हुबेहूब आईची आहेत, फक्त तुझ्या अंगठ्याला जन्मात कधी काळं लागलं नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या प्रकाशकांचं पत्र आमच्याकडे आलं. आमच्या कोशाला नव्या मराठी शब्दांची पुरवणी निघते आहे, तिच्यात तुझ्या पुस्तकातले सहा शब्द घ्यावेत आणि पुढे कर्ता म्हणून तुझं नाव छापावं, अशी विनंती. सोबत तुझ्या सहीचं निवेदन होतं, त्यातला मजकूर असा: हे शब्द गेल्या सहा-सात महिन्यांत मी स्वतः घडवले, प्रत्येकाला निश्चित अर्थ आहे, कोणीही तो त्याच अर्थाने वापरू शकतो. सही नेहमीसारखीच, खाली दोन रेघा ओढलेली. ताई कुठल्या तरी कोपऱ्यात जुने कागद चिवडत बसते, असं तू सगळ्यांना सांगतोस. ताई चौदा वर्षं या इंग्रजी-मराठी कोशावर काम करते आणि मंगळवारचं टपाल उघडायची पाळी तिची असते. निवेदन मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. मग खाली जाऊन चहा प्यायले, ते रागाने. दुसऱ्या कशाने असेल असं समजू नकोस.

गंमत बघ, त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर 'निओलॉजिझम' हा शब्द होता. आमच्याकडे अक्षरं वाटून घेतलेली असतात आणि 'एन' माझ्याकडे आहे. तुला या शब्दाविषयी एकदा अर्धवट सांगितलं होतं, आज पूर्ण सांगते. ग्रीकमधला 'नवा' आणि ग्रीकमधला 'शब्द' असे दोन तुकडे जोडून फ्रेंच लोकांनी तो बनवला आणि अठराव्या शतकात तो इंग्रजीत आला. म्हणजे नव्या शब्दाला नाव द्यायला नवाच शब्द करावा लागला. पण आला तो काही मानाने आला नाही. फ्रेंचांनी तेव्हा फरक करून ठेवला होता: नवे शब्द घडवणं ही कला, तिला नाव वेगळं, आणि त्याचा अतिरेक करून मिरवणं हा दोष, तो निओलॉजिझम. इंग्रजीतही सुरुवातीला नाक मुरडूनच हा शब्द वापरत. पुढे धर्मग्रंथांचा स्वतःच्या बुद्धीने नवा अर्थ लावणाऱ्यांना झोडपायलाही तो कामी आला. हळूहळू दोष धुऊन गेला आणि आज कोणी नवा शब्द काढला की त्याचे फोटो काचेआड लागतात. हा झाला पहिला अर्थ, तुझ्या कामाचा. दुसरा अर्थ डॉक्टरांचा आहे. मेंदूला इजा झालेला माणूस जे स्वतःचेच शब्द बोलू लागतो, त्यांनाही निओलॉजिझम म्हणतात. हा अर्थ आईच्या वाट्याला आला.

तो दिवस मला विसरता येत नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. आईला झटका येऊन तीन आठवडे झाले होते. मी लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी होते आणि आईजवळ तू होतास. तुझा फोन आला. डॉक्टरांच्या अहवालात हा शब्द आहे, म्हणजे काय ते सांग, असं विचारलंस. माझ्या एका हातात बाळाचं दुपटं होतं, कानाला फोन होता, आणि जिला एका ओळीच्या व्याख्येला आठ-आठ दिवस लागतात ती तुझी बहीण अर्ध्या मिनिटात बोलून गेली, "अर्थ नसलेले शब्द रे, रोग्याने स्वतःच बनवलेले." तू म्हणालास, "बरं." तुझ्या तोंडून इतकं गोड 'बरं' मी आधी कधी ऐकलं नव्हतं. दोन महिन्यांनी परत आले तर माझी व्याख्या जशीच्या तशी तुझ्या अर्जात होती. कोश-कार्यालयात काम करणाऱ्या मुलीचं मत म्हणून. पुढे तू लिहिलं होतंस, आईचं बोलणं अर्थहीन आहे, तिला स्वतःचं बरंवाईट ठरवता येत नाही, म्हणून तिच्या वतीने सगळे निर्णय मी घेईन. कोर्टाने ते मान्य केलं. आई शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात चौदा नंबरच्या खोलीत गेली आणि घराला कुलूप लागलं.

कुलूप कोणाच्या दुकानातलं होतं, आठवतं का? आईच्याच. बाबा गेल्यावर तिने किल्ल्यांचं ते एवढंसं दुकान एकटीने चालवलं. खाली दुकान, वर आपल्या दोन खोल्या. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, पुढे किल्ली कापायचं यंत्र, आणि कानशीने शेवटचा हात ती डोळे मिटून फिरवायची, अंगठा त्याने कायमचा काळा पडलेला. किल्ली डोळ्याने नाही, बोटाने कळते, म्हणायची. लोक दाराबाहेर अडकले की तिला बोलवायचे. ती कुलूप उघडायची आणि दोन पावलं मागे सरायची. घरच्या माणसाने आधी आत पाऊल टाकल्याशिवाय तिने कधी उंबरा ओलांडला नाही. मी बारा वर्षांची असताना विचारलं होतं, असं का. म्हणाली, "दार उघडता आलं म्हणून घर आपलं होत नाही गं." हे तूही ऐकलं होतंस. तू तिथेच पायरीवर बसून चिंचा खात होतास.

मलाही ते कुलूप उघडता येतं, बरं का. तिनेच शिकवलंय. या दोन वर्षांत चार वेळा दारासमोर जाऊन उभी राहिले आणि परत आले. चोरासारखं उघडलं असतं तर आईला पुन्हा बाहेर काढायला तुला आणखी एक कागद मिळाला असता. मग मी मला येणारं दुसरं काम सुरू केलं.

दर रविवारी आणि बुधवारी मी चौदा नंबरच्या खोलीत जाऊन बसायचे. पहिले काही महिने मलाही काही कळत नव्हतं, खोटं कशाला बोलू. आई बोलायची, तिचा सूर तोच, तिचं चिडणं तेच, शब्द मात्र कुठल्या मुलखातले कोण जाणे. मग एकदा लक्षात आलं की तिच्या बोटांत मी माझी किल्ली ठेवली की ती एकच शब्द बोलते. पुढच्या वेळीही तोच. आमच्या कार्यालयाचा एक नियम आहे: एका शब्दाच्या तीन वेगवेगळ्या प्रसंगांच्या नोंदी जमल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही. नोंद कार्डावर करायची. पुढच्या बाजूला फक्त शब्द. तारीख, जागा, कोण हजर होतं, माणूस कशाकडे बघत होता, हातात काय होतं, ते सगळं मागच्या बाजूला. म्हणजे शब्द बघूनच अर्थाची घाई कोणी करू नये. फोनवर एकदा घाई केली होती ना मी, म्हणून या वेळी नियम नखाएवढाही मोडला नाही. 'उळसं' म्हणजे कोरी, न कापलेली किल्ली. 'खिरमट' म्हणजे कापताना उडणारा पितळेचा भुगा, आणि आता तिच्या बोलण्यात पावावरून पडणारा चुराही. तिसरं कार्ड पूर्ण झालं त्या दिवशी मी तिच्या मांडीत डोकं ठेवून रडले आणि ती मला खिरमट झटकावा तशी झटकत होती, कारण तिला जेवायचं होतं.

गेल्या वर्षी आदेशाच्या फेरतपासणीला मी ती कार्डं घेऊन आले, तेव्हा तुझे वकील हसले. बहिणीने घरी बसून बनवलंय, म्हणाले. न्यायाधीशबाईंनी चार कार्डं उलटसुलट करून परत दिली. घरच्या माणसाच्या नोंदीला साक्षीदार नाही, म्हणाल्या, आणि खरं सांगते, त्यांचं चूक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. प्रत्येक कार्डाच्या मागे त्या वेळी खोलीत असलेल्या नर्सची सही आणि वाचा-उपचार करणाऱ्या बाईंची सही. चार महिन्यांत एकेचाळीस शब्द.

आणि मग त्या रविवारी तू आलास. माझ्या घरी, न सांगता, हातात फुलं. झालं गेलं विसरू, म्हणालास. आईचे शब्द मला बघू दे ना, खूप आठवण येते. मी विरघळले रे. खोका तुझ्यासमोर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. दूध नव्हतं म्हणून खाली जाऊन आले. परत आले तेव्हा तुझे डोळे ओले होते आणि मोबाइल टेबलावर पालथा होता. तुला भूक असेल म्हणून मी पोहेसुद्धा केले. त्या पोह्यांची आठवण झाली की मला आजही स्वतःला चार थपडा लगावाव्याशा वाटतात.

पाच महिन्यांनी तुझं पुस्तक आलं. 'सांदोळ: मराठीत नसलेल्या भावनांसाठी बेचाळीस नवे शब्द.' मी दुकानात उभ्याने चाळायला घेतलं आणि पहिल्याच पानावर आईचा शब्द निघाला. एक सोडून सगळे शब्द आईचे होते. सगळे अर्थ तुझे. तू फक्त पुढच्या बाजूंचे फोटो काढलेस. एक कार्ड उलटून बघायची तसदी घेतली नाहीस, कारण मागे काही असू शकतं हे तुझ्या मनातच आलं नाही. तुझ्या लेखी ती बडबड होती, आणि बडबडीला कोण मालक. उदाहरणार्थ 'निमोळ'. तू लिहिलंस, 'अगदी जवळ असूनही दिसू न देता जपलेली आस.' हे वाक्य लोक कपांवर छापून घेतात, एका जोडप्याने म्हणे मुलीचं नाव निमोळ ठेवायचं ठरवलंय. त्यांना थांबवायला हवं. निमोळ म्हणजे बेडपॅन. तीन कार्डं आहेत, तिन्हींवर नर्सची सही आहे, आणि एकीने तर पुढे 'तातडीने' असंही लिहिलंय.

यावर मी दोन दिवस हसले. 'सांदोळ'वर मात्र हसता आलं नाही. तू लिहिलंस, 'जिथे कधीच परत जाता येत नाही अशी जागा.' शेंडेफळा, सांदोळ म्हणजे घर. खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या मिळून सांदोळ. त्याची तीन नाही, सत्तर कार्डं आहेत माझ्याकडे, कारण प्रत्येक भेटीच्या शेवटी ती माझा पदर धरून तेवढा एकच शब्द म्हणते. तुझ्या पुस्तकाचं नाव घेऊन ती दोन वर्षं घरी जायला मागते आहे आणि तिला तिथे जाता येत नाही ते तुझ्यामुळे. तुला सांगते, त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. बहीण म्हणून नाही, कोणी म्हणूनही नाही.

आता सत्ताविसावा शब्द. 'तीनोपू.' तुझा अर्थ, 'एकाच माणसावर आयुष्यात तीनदा जडलेलं प्रेम.' परीक्षण लिहिणाऱ्यांना हा सगळ्यांत आवडला. अरे, तो आईचा शब्द नाही. कोणाचाच नाही. खोक्यात मधे घातलेलं ते खुणेचं कार्ड होतं. 'तीन नोंदी पूर्ण' याचं आमच्या कार्यालयातलं लघुरूप. त्याच्या मागच्या शब्दांचे अर्थ साक्षीपुराव्याने पक्के झाले आहेत, एवढंच ते सांगतं. एकेचाळीस शब्द आईचे आणि बेचाळिसावा माझ्या खोक्याचा शिक्का, तोही तू कविता करून छापलास. चोराने घराबरोबर घराची पाटीही उचलून नेली आणि स्वतःच्या दारावर लावली.

आमच्या मुख्य संपादकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे, या नोंदींना मी हात लावणार नाही. त्यांनी काम दुसऱ्या दोघांना दिलं. ते दोघे माझ्याशिवाय चौदा नंबरच्या खोलीत गेले, टेबलावर तीस वस्तू मांडून बसले आणि आईने सव्वीस शब्द कार्डाबरहुकूम सांगितले. उरलेल्या चार वेळा तिने त्यांना हाकललं. तेही त्यांनी लिहून घेतलंय. मला फक्त 'निओलॉजिझम'ची नोंद लिहायची परवानगी होती, ती मी परवा पूर्ण केली. दुसऱ्या अर्थात 'अर्थ नसलेला' हे माझे फोनवरचे शब्द काढून टाकले. आता तिथे आहे, 'ज्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागलेला नाही असा.' दोन वर्षांपूर्वी एवढं नीट बोलले असते तर आई आज तिच्या यंत्रापाशी असती. तो दोष माझा, आणि तो मी कोणावर ढकलणार नाही. तुझा मात्र तुझ्या पदरात पुरता घालणार आहे.

गुरुवारी फेरतपासणी आहे आणि तू घर विकायची परवानगी मागितली आहेस, हे मला माहीत आहे. आमच्या कार्यालयाचा अहवाल, कार्डांच्या दोन्ही बाजू, तुझं पुस्तक आणि दोन रेघा ओढलेलं तुझं निवेदन सोमवारीच न्यायाधीशबाईंसमोर गेलं. आता तू काय म्हणणार, याचा मी खूप विचार केला. शब्द आईचे आहेत म्हणालास तर तिच्या शब्दांना निश्चित अर्थ आहे हे तूच सही करून सांगितलंयस, आणि आदेश कोसळतो. शब्द तुझे आहेत म्हणालास तर ते तुझ्या आधी नर्सच्या सहीने माझ्या खोक्यात कसे आले, आणि तीनोपू म्हणजे काय, हे भर कोर्टात सांगावं लागेल. वकिलांना विचारून बघ, तिसरी वाट असेल तर मलाही ऐकायची उत्सुकता आहे. माघार घेतलीस तर प्रकाशकांना मी काही कळवणार नाही, असं तुला वाटत असेल. कळवून झालंय. तडजोडीसाठी हे पत्र नाही.

मग कशासाठी, तर आईसाठी. तुझं पुस्तक मी तिला नेऊन दाखवलं. मजकूर तिला वाचता येत नाही, पण मागचा फोटो तिने ओळखला, त्यावर काळा अंगठा ठेवला आणि एक शब्द बोलली. आधी कधीच न बोललेला. मी कार्ड केलं, अर्थ लिहिला नाही. पुढच्या बुधवारी तुझा लहानपणचा फोटो दाखवला, चिंचा खातानाचा, तर तोच शब्द. या रविवारी कॉरिडॉरमध्ये कोणाचा तरी आवाज तुझ्यासारखा आला, ती उशीवरून उठून बसली, दाराकडे बघत राहिली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली. तीन नोंदी पूर्ण झाल्या, सह्या झाल्या, अर्थ मी लिहिला. तिने तुला दिलेलं नाव आहे ते, अभिनंदन त्याचंच, आणि ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोहोचवणं माझं काम. म्हणून सोबत कार्डाच्या पुढच्या बाजूची प्रत जोडते आहे: 'गिरमूट'. तुझ्या सवयीला धरून पुढचीच बाजू पाठवली आहे. अर्थ तुझा तू लाव, तुझा हात बसलेला आहे. आणि खरा अर्थ हवा असेल तर मागची बाजू आईकडे आहे, शुक्रवारपासून ती सांदोळला असेल. दार तिने उघडलं तर दोन पावलं मागे उभा राहा, आणि तिने ये म्हटल्याशिवाय आत येऊ नकोस.

तुझीच, अजूनही,
ताई